बांगलादेशी असल्याच्या संशयावरून कामगार उचलले, तर पुढे काय?

प्रश्न असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या तीन बंगाली कामगारांना पोलिसांनी रात्री भाड्याच्या खोलीतून नेले. आपण पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचे, असे ते सांगतात. आधार आहे, मतदार ओळखपत्र आहे. पण ‘आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे’ असे सांगून स्टेशनात कागद बाजूला ठेवले गेले. कारखान्याचे मालक विचारतात: यांना परस्पर सीमेवर नेऊन सोडतील का? त्यातला एखादा खरोखरच बांगलादेशी निघाला, तर त्याला काही हक्क उरतात का? आणि या भानगडीत आपण अडकतो का?

शेवटच्या प्रश्नाची घाई मालकांना जास्त असते, पण तो शेवटीच घेऊ. पहिल्या दोन प्रश्नांचा हिशेब तासांत चालतो.

परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अमर्याद आहे. त्यावर डोके फोडण्यात अर्थ नाही. १९५५ साली हान्स म्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट म्हटले. १९३७ पासून भारतात राहिलेल्या लुई दे रेड्ट या बेल्जियन मिशनऱ्यालाही १९९१ साली तेच ऐकावे लागले. देशात राहण्या-वसण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मधला आणि ते कलम फक्त नागरिकांचे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला, तेव्हाही परदेशी व्यक्तीच्या हकालपट्टीविषयीच्या कलम १३ पुरता आपला कायदा लावण्याचा अधिकार त्याने राखून ठेवला. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार याला पाठवता येणार नाही’ असा अर्ज करणारा वकील बहुतेक वेळा स्वतःचाच वेळ घालवतो.

पण हा अधिकार चालतो तो परदेशी माणसावर. समोरचा माणूस परदेशी आहे हे कोणी, कशावरून आणि कोणत्या कागदावर ठरवले, ही त्याच्या आधीची पायरी. ती गाळली तर चूक कोणाच्या अंगावर येईल याचा नेम नाही, कारण ती ओलांडेपर्यंत नागरिक कोण आणि परका कोण हे कोणालाच ठाऊक नसते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडून बांगलादेशात ढकललेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीय निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. दिल्लीत पकडून असेच पाठवलेल्या बीरभूमच्या सहा जणांच्या बाबतीत कलकत्ता उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी ती कारवाई रद्द केली आणि त्यांना चार आठवड्यांत परत आणायला सांगितले. तिथे आक्षेप मुख्यतः घाईला होता. केंद्रीय गृहमंत्रालयाने स्वतःच घालून दिलेली चौकशी न करता माणसे पाठवली गेली होती.

आपल्या भागात एक शब्दाचाही घोळ आहे. ‘हद्दपार’ म्हटले की इथे लोकांना तडीपारी आठवते. ती वेगळी. कर्नाटक पोलिस कायदा १९६३ खाली एखाद्या नागरिकाला जिल्ह्याबाहेर ठेवतात, जास्तीत जास्त दोन वर्षे, आधी नोटीस देऊन आणि म्हणणे ऐकून. या कामगारांच्या प्रकरणात तो कायदा नाही. इथे लागतो तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेला आप्रवासन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५. जुने चार कायदे, त्यात १९४६ चा परदेशी नागरिक कायदाही आला, त्याने रद्द केले. अजूनही काही तक्रारअर्जांत १९४६ चीच कलमे टाकलेली दिसतात. घटना १ सप्टेंबर २०२५ नंतरची असेल तर ती चूक लगेच नजरेस आणून द्यावी.

आता भाषेचे. चंदगडची बोली आणि बेळगुंदी-उचगावची बोली यांत फरक दाखवा म्हटले तर आपल्यालाच अवघड जाईल. मधून राज्याची सीमा जाते, भाषेची जात नाही. मुर्शिदाबाद, मालदा आणि पलीकडचा राजशाही हा पट्टा तसाच आहे. तिकडची सीमा मात्र देशाची आहे, एवढाच फरक. ‘बोलण्यावरून बांगलादेशी वाटतो’ हे वाक्य पंचनाम्यात आले तर तो पुरावा नव्हे, फार तर संशय. आणि संशयाला आधार लागतो. परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावर असते हे खरे. जुन्या कायद्याच्या कलम ९ मध्ये ते होते आणि नव्या कायद्यातही कायम आहे. पण जुलै २०२४ मध्ये आसाममधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आधी सरकारकडे काही ठोस सामग्री हवी, ती त्या माणसाला दाखवायला हवी, आणि मगच ओझे त्याच्याकडे सरकते. वाटेल त्याला उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येत नाही. त्याच निकालात नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमधले आणि तारखांमधले किरकोळ फरक जीवघेणे ठरवू नका असेही आहे. हा निकाल आला तेव्हा तो माणूस वारलेला होता.

हक्कांचे गणित अगदी सोपे आहे. राज्यघटनेची कलमे १४, २०, २१ आणि २२ ‘व्यक्ती’साठी आहेत, त्यांत नागरिक असण्याची अट नाही. हावडा स्टेशनच्या यात्री निवासात अत्याचार झालेल्या बांगलादेशी महिलेला नुकसानभरपाई देताना सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच कलम २१ लावले होते. म्हणजे तिघांपैकी एकजण उद्या बांगलादेशी ठरला, तरी आज त्याला अटकेची कारणे कळणे, वकील मिळणे आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे राहणे हे तिघांनाही सारखेच लागू.

ते चोवीस तास मोजायचे कुठून? इथेच पहिली गल्लत होते. ‘अटक केलेली नाही, चौकशीला आणले आहे’ हे उत्तर मिळते आणि मालक घरी परततात. तसे करू नका. स्टेशनात तीन गोष्टी विचारा: एफआयआर झाला आहे का आणि नंबर काय, झाला नसेल तर कोणत्या नोटिशीवर आणले, आणि माणसे आता नेमकी कुठे आहेत. तोंडी उत्तरावर न थांबता तेच प्रश्न लेखी अर्जात लिहा, शहरात असाल तर पोलिस आयुक्तांच्या आणि खानापूर, निपाणीसारख्या ग्रामीण भागात असाल तर एसपींच्या कार्यालयात देऊन पोच घ्या, आणि ईमेलही करा. अर्जात नेल्याची वेळ मिनिटांसह, ठिकाण, गाडीचा नंबर दिसला असेल तर तो, आणि पाहणाऱ्या शेजाऱ्यांची नावे लिहा. माणूस स्वतःच्या मर्जीने उठून जाऊ शकत नाही, त्या क्षणापासून तास मोजायचे. अटकेच्या कागदावर रात्री दहा लिहिले असले आणि खोलीतून त्याच दिवशी पहाटे दोनला नेले असले, तर पहाटे दोन हीच खरी वेळ, आणि ती सिद्ध करायला तुमचा अर्ज उपयोगी पडतो. स्टेशनातले सीसीटीव्ही चित्रण किमान एक वर्ष जपावे असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. ते जपून ठेवण्याची मागणी याच अर्जात घाला. नंतर मागितले की यंत्र बिघडलेले असते.

दुसरी गल्लत सहीची. आपल्याकडे स्टेशनातले कागद कन्नडमध्ये असतात. कन्नड न वाचणाऱ्या मराठी माणसाने न समजलेल्या कागदावर सही करणे बेळगावात नवे नाही, त्यामुळे हे समजावून सांगावे लागू नये. बंगाली माणसाची स्थिती त्याहून वाईट. त्याला कन्नडही येत नाही, मराठीही नाही, हिंदी कामापुरती. ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम पक्का केला: अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्यायची, ती त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि लगेच देणे शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभे करण्याच्या दोन तास आधी. हे झाले नसेल तर ती अटक आणि रिमांड बेकायदा ठरतात. वकिलाने पहिल्या रिमांडलाच हा मुद्दा लेखी नोंदवायला हवा. पुढच्या तारखेला उठवला तर धार कमी होते. कामगारांना सांगायचे ते एवढेच: न समजलेल्या कागदावर सही नको, आणि करावीच लागली तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने, बंगालीत, ‘मला वाचून दाखवले नाही’ असे लिहायचे. पोलिसांसमोर दिलेला ‘मी बांगलादेशी आहे’ हा कबुलीजबाब गुन्ह्याचा पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. पण तोच कागद देशाबाहेर पाठवण्याच्या फायलीत जाऊन बसतो आणि तिथे त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. म्हणून सहीची एवढी काळजी.

दुभाषा म्हणून सराफी दुकानांमागे वर्षानुवर्षे काम करणारे बंगाली कारागीर अनेकदा मदतीला येतात. चांगलेच आहे, पण दुभाषाने कागदावर स्वतःचे नाव लिहून सही करावी. नाहीतर कोणी काय समजावले याचा पत्ता नंतर लागत नाही.

वकिलाचे पैसे कोण देणार हा प्रश्न लगेच येतो. कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो आणि नागरिक असो वा नसो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली मोफत वकील मिळतो. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन करा. अर्ज नातेवाइकाने, मालकाने, शेजाऱ्याने, कोणीही दिला तरी चालतो.

माणसे कुठे आहेत हेच सांगितले जात नसेल, किंवा एफआयआरशिवाय ठेवून घेतले असेल, तर खालच्या कोर्टात अर्जविनंत्या करत बसू नका. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हेबिअस कॉर्पसची, म्हणजे अडवलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी, याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात. बेळगावहून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, आणि या कामात तिथे त्याच दिवशी सुनावणीची विनंती करता येते. कामगार गडहिंग्लज किंवा कागलमध्ये राहत असेल आणि पोलिसांनी तिकडून इकडे आणले असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडेही जाता येते, कारण कारवाईचा काही भाग त्या हद्दीत घडला. पण अडवून ठेवलेली व्यक्ती जिथे आहे तिथले न्यायालय गाठणे जास्त सोयीचे. माणूस कर्नाटकाच्या ताब्यात असताना कोल्हापुरात याचिका घातली की पहिले दोन दिवस हद्दीच्या वादात जातात, आणि या प्रकरणात दोन दिवस फार मोठे. सीमाभागात हद्दीवर वाद घालायची आपल्याला सवय आहे, ती इथे आवरावी.

आता कागद. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र ही नागरिकत्वाची शेवटची सिद्धता नाही, हे पोलिसांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे. आधार कायद्यातच तसे लिहिले आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ते सांगितले. पण ‘शेवटची सिद्धता नाही’ याचा अर्थ ‘किंमत शून्य’ असा होत नाही. नागरिकत्व हा जन्माचा आणि आईवडिलांचा प्रश्न आहे, आणि कागद त्या साखळीतली कडी असतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ३ तीन काळांत विभागलेले आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आईवडील कोणीही असोत. १ जुलै १९८७ पासून पुढे जन्मलेल्याला आई किंवा वडील नागरिक असावे लागतात. आणि २००३ च्या दुरुस्ती कायद्यातला बदल ३ डिसेंबर २००४ रोजी लागू झाल्यानंतर जन्मलेल्याला दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. त्यामुळे पन्नाशीच्या कामगाराला फक्त स्वतःचा इथला जन्म दाखवायचा असतो, तिशीतल्याला आईवडिलांपैकी एकाचे नागरिकत्वही, आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या अगदी तरुण कामगाराला दोघांचीही स्थिती. तिघांना एकाच गठ्ठ्यात बांधून एकच अर्ज करू नका. प्रत्येकाचे वय पाहून कागद वेगळे लावा.

सर्वांत उपयोगी पडणारा कागद म्हणजे पश्चिम बंगालची २००२ ची मतदारयादी. मतदारयाद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीसाठी ती तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ठेवली आहे. त्यात वडिलांचे किंवा आजोबांचे नाव, घर क्रमांक आणि बूथ सापडला की पाया मिळतो. मग कामगाराचा त्या माणसाशी संबंध दाखवणारा कागद: शाळेचा दाखला, जन्मदाखला, वडिलांचे नाव असलेली जमिनीची नोंद. तिकडच्या जमिनीच्या उताऱ्याला ‘पर्चा’ म्हणतात. आपल्या पहाणी उताऱ्यासारखाच, फक्त नाव निराळे, म्हणून इथे तो ओळखला जात नाही आणि बाजूला पडतो. पंचायतीचा दाखला एकटा पुरत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जोडणारा कागद म्हणून मान्य केला, पण मजकूर आणि देणारा दोन्ही पडताळल्यावरच. म्हणून दाखल्यासोबत तो देणाऱ्याचा फोन आणि मूळ नोंदवहीची प्रमाणित नक्कल मागवा.

नावांतला फरक बहुतेक प्रकरणांत निघतोच. शेख, सेख, शेइख आणि नुसते ‘एसके’ ही एकाच कुटुंबात सापडतात. मोंडल आणि मंडल, रहमान आणि रहामान, तसेच. बंगाली मुसलमान बाई लग्नाआधी बहुधा खातून आणि नंतर बीबी लावते, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरची आणि मतदारयादीवरची बाई दोन वेगळ्या बायका वाटतात. हे ज्याला ठाऊक नाही तो तपास अधिकारी ‘नावे जुळत नाहीत’ असा शेरा मारतो, यात त्याचा वाईट हेतू असतोच असे नाही. आपल्याकडे काय कमी आहे? मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत गेले की शेवटी एक जादा ‘ए’ चिकटतो, आणि १ नोव्हेंबर २०१४ आधीच्या जन्मदाखल्यावर बेळगाम तर नंतरच्यावर बेळगावी. एका पानाचा तक्ता करा: कागद, त्यावरचे नाव, वडिलांचे नाव, वय, वर्ष, आणि फरकाचे कारण. हा तक्ता शपथपत्राला जोडला की मॅजिस्ट्रेटना वीस कागद उलटावे लागत नाहीत.

कूचबिहारकडचा एखादा निघाला तर एक खास बाब लक्षात ठेवा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेशाने एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची अदलाबदल केली. भारतात आलेल्या ५१ वस्त्यांतले लोक त्या दिवशी नागरिक झाले. त्यांचे कागद २०१५ पासूनच सुरू होतात, आणि तेच बरोबर आहे. ‘दहा वर्षांपूर्वीचा एकही कागद नाही’ हा इथे संशयाचा मुद्दा होऊ शकत नाही.

मूळ कागद पोलिसांना देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, आणि यादी करून पोच घ्या. आणि या दिवसांत एकही नवा कागद ‘करवून’ आणू नका. विनापासपोर्ट प्रवेशाला कमाल पाच वर्षे कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा सापडला तर किमान दोन ते कमाल सात वर्षे, आणि दंड एक ते दहा लाख. साधा बनावट दाखलासुद्धा दुसऱ्या गुन्ह्याची वाट उघडतो. खरा भारतीय माणूस एजंटाच्या नादी लागून बनावट जन्मदाखला लावतो आणि त्यापुढे त्याच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता प्रश्न, हे ठरवणार कोण? आसाममध्ये त्यासाठी न्यायाधिकरणे चालतात, आपल्याकडे तशी घडी बसलेली नाही. इथे दोन वाटा असतात. एक, फौजदारी खटला: गुन्हा शाबीत झाला की शिक्षा, शिक्षा संपली की पाठवणी. दुसरी, प्रशासकीय: परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी पडताळणी करून आदेश काढतो. दुसऱ्या वाटेसाठी गृहमंत्रालयाने २ मे २०२५ रोजी राज्यांना ३० दिवसांची मुदत घालून दिली. संशयिताने सांगितलेल्या पत्त्याची खातरजमा त्याच्या मूळ राज्याकडून, म्हणजे इथे पश्चिम बंगालकडून, ३० दिवसांत मागवायची. यातली मेख अशी की उत्तर वेळेत आलेच नाही, तर पुढची कारवाई करायला अधिकारी मोकळे होतात. म्हणजे कामगार खरा असूनही मुर्शिदाबादच्या ठाण्यातला कागद टेबलावर पडून राहिला तर नुकसान त्याचेच.

त्यामुळे माझ्या मते बेळगावात दहा चकरा मारण्यापेक्षा तिकडच्या नातेवाइकांनी स्वतःच्या ठाण्यात एक चक्कर मारणे जास्त मोलाचे. त्यांनी जाऊन विचारायचे: बेळगावहून पत्र आले का, जावक क्रमांक काय, उत्तर कधी गेले. इथून गेलेल्या पत्राचा क्रमांक आणि तारीख इथल्या वकिलाने मिळवून त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायची. पश्चिम बंगालचे स्थलांतरित कामगार कल्याण मंडळ आहे, त्यांनाही कळवावे. पत्रात गावाचे नाव चुकीचे टाइप झाले असेल तर तिकडून ‘असा इसम आढळला नाही’ असे उत्तर येते, आणि ते उत्तर पुढे पुरावा बनते. म्हणून पत्रातला पत्ता, ठाणे, ब्लॉक आणि पिनकोड आधीच पाहून घ्या.

खटल्याच्या वाटेवर जामिनाचा अडसर येतो. परक्या मुलखातल्या मजुराला इथला उतारा असलेला जामीनदार कोण देणार? मोती राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच म्हटले आहे की, जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारता येत नाही. तो निकाल दाखवा आणि रोख जामिनाचीही विनंती करा. कमाल पाच किंवा सात वर्षांच्या या गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो, त्या दिवसाची नोंद वकिलाने डायरीत ठेवावी. आरोपी परदेशी आहे म्हणून प्रत्येक जामीन अर्जात नोंदणी अधिकाऱ्याला पक्षकार करण्याचीही गरज नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामीन दिल्यावर त्याला कळवले म्हणजे पुरे.

समजा एकजण खरोखरच बांगलादेशी निघाला. मग त्याची वाट अशी: बांगलादेशच्या उच्चायुक्तालयाकडून राष्ट्रीयत्वाची खातरजमा, त्यांच्याकडून प्रवासाचा कागद, देश सोडण्याचा आदेश, पोलिस बंदोबस्तात सीमेपर्यंत प्रवास आणि तिथे सीमा सुरक्षा दलाकरवी पलीकडच्या दलाच्या हाती सोपवणे. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाठवणी रोखली नाही, पण ‘ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवू नका’ हे वाक्य आदेशात आहे, आणि तेच वापरायचे असते. रात्री काटेरी तारेपलीकडे ढकलणे ही कार्यपद्धती नव्हे. खातरजमेला महिने लागतात, त्या काळात राज्यात नेलमंगलाजवळ सोंडेकोप्पा इथे ठेवण्याचे केंद्र आहे. शिक्षा संपून वर्षे उलटली तरी माणूस अडकून पडतो तो बहुधा याच टप्प्यावर, पलीकडचा देश ‘हा आमचा’ म्हणत नाही म्हणून. तिथेही कलम २१ लागूच असते, आणि उच्च न्यायालयात जाता येते.

वकिलातीशी संपर्काचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मधून येतो. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताने हेगच्या न्यायालयात पाकिस्तानविरुद्ध हेच कलम लावले आणि जुलै २०१९ मध्ये जिंकले. त्यामुळे इथे ते नाकारणे सरकारला अवघड जाते. मात्र जो आपण भारतीय असल्याचे सांगतो आहे, त्याने उच्चायुक्तालयाला भेटण्याच्या अर्जावर सही करू नये. तो अर्ज म्हणजे आपण त्या देशाचे, अशी कबुली होऊन बसते. मदत म्हणून पुढे केलेला हा छापील अर्ज दोन-तीनदा वाचूनच हातात घ्या.

सोबत मुले असतील तर ती बालकल्याण समितीकडे जातात. आईपासून तोडू नये अशी लेखी विनंती पहिल्याच दिवशी द्या. फसवून आणलेली बाई असेल तर ती आरोपी नसून पीडित आहे, हा मुद्दा एफआयआरच्या आधी मांडला तरच उपयोगाचा.

या निमित्ताने इतरांबद्दल दोन शब्द, कारण संशय पसरला की सरसकट पसरतो. नेपाळी वॉचमनला व्हिसा लागत नाही, भारत-नेपाळमध्ये १९५० चा करार आहे. मुंडगोडच्या वसाहतीतला तिबेटी नोंदणी प्रमाणपत्रावर राहतो, आणि १९८७ च्या त्या तारखेआधी इथे जन्मलेला असेल तर तो नागरिकच, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. वैद्यकीय शिक्षणासाठी आलेल्या परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा संपला असेल तर लपून राहण्यात काहीच हशील नाही. ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर मुदतवाढीचा किंवा बाहेर जाण्याच्या परवानगीचा अर्ज स्वतःहून केला तर बहुतेक वेळा दंडावर भागते. मुदतीपेक्षा जास्त राहण्याला तीन वर्षे कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

आणि मालक अडकतो का? माहीत असून बेकायदा परदेशी माणसाला आसरा दिला, लपवले, कागद बनवायला मदत केली तर हो. ओळखपत्राच्या प्रती घेऊन, बँकेतून पगार देऊन, हजेरी ठेवून कामाला लावले असेल तर तोच तुमचा बचाव आहे, आणि कामगारांचाही, कारण पाच वर्षांच्या बँक खात्यातून मुर्शिदाबादला दरमहा गेलेले पैसे त्यांच्या घराचा पत्ता सांगतात. ती नोंद पोलिसांना लेखी द्या. घरमालकाची जबाबदारी वेगळी: जो परदेशी असल्याचे माहीत आहे त्याला जागा दिली तर चोवीस तासांत सरकारी पोर्टलवर कळवावे लागते, लॉज असो की घरातली एक खोली. घाबरून बाकीच्या सगळ्या बंगाली कामगारांना एका रात्रीत काढून टाकणे मात्र तुमच्याच अंगाशी येईल: साक्षीदार जातात, आणि काही लपवायचे होते असे दिसते.

तिघांचा थकलेला पगार आजच काढून त्यांच्या खात्यांवर भरा आणि पावतीची प्रत वकिलाकडे द्या. केलेल्या कामाचे पैसे घेण्यासाठी नागरिक असावे लागत नाही, आणि वकिलाच्या धारवाडच्या खेपेला त्यांच्या घरच्यांकडे दुसरे पैसे बहुधा नसतात.